न जुळणारे रकाने : व्यवसाय-मापनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांची मानसशास्त्रीय चाचणीशी ओळख फार लवकर झालेली असते, फक्त ती त्या नावाने झालेली नसते. स्कॉलरशिपच्या परीक्षेतला 'बुद्धिमत्ता चाचणी'चा पेपर आठवून पाहा. गटात न बसणारी आकृती ओळखा, संख्यामालिका पूर्ण करा, आरशातली प्रतिमा निवडा. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, पुढे पाचवी-आठवीला झाली. जादा तास आणि सरावाचे संच मात्र तसेच राहिले. यादी लागली की तो पेपर आपण विसरून जातो. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी तो जरा आठवावा. ज्या धाटणीच्या प्रश्नांनी मुले निवडली जातात, त्याच धाटणीचे प्रश्न वापरून मुलांना स्वतःसाठी काही निवडता येईल का, या विचारातून व्यवसाय-मापनाचे शास्त्र वाढले आहे. निवडणाऱ्या संस्थेच्या सोयीची चाचणी वेगळी आणि वाट शोधणाऱ्या मुलाच्या सोयीची चाचणी वेगळी. हा फरक आरंभीच मनात पक्का केला, तर पुढची बरीच गुंतागुंत सोपी होते.

या शास्त्राकडे आपण लक्ष का द्यावे, हे सांगायला फार दूर जावे लागत नाही. दहावीनंतर अकरावीच्या शाखा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आयटीआय असे रस्ते फुटतात, आणि निकाल लागल्यापासून प्रवेशाचा अर्ज भरेपर्यंतच्या थोड्या दिवसांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्यांतला एक धरायचा असतो. घरात तेव्हा हमखास मिळणारा सल्ला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : 'सायन्स घेऊन ठेव, पुढे कुठेही जाता येतं.' या सल्ल्याला हसू नये. माहिती तुटपुंजी असताना शहाणा माणूस पर्याय राखूनच ठेवतो. अडचण एवढीच, की पर्याय राखता राखता दोन वर्षे निघून जातात आणि मग नीटचे किंवा सीईटीचे गुण परस्पर निर्णय घेऊन टाकतात. भारत सरकारच्या २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात सुमारे ३,६०० व्यवसायांची नोंद आहे. आपल्या नात्यागोत्यात जवळून पाहिलेले व्यवसाय किती, हे वाचकांनी एकदा मोजून पाहावे.

या प्रश्नाकडे शिस्तीने पाहण्याचा आरंभ सहसा अमेरिकेतल्या बॉस्टन शहरापासून सांगितला जातो. फ्रँक पार्सन्स हे शिक्षणाने इंजिनिअर, पुढे वकील आणि प्राध्यापक. बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागात परदेशांतून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची दाट वस्ती होती. तिथल्या सिव्हिक सर्व्हिस हाउस या संस्थेच्या आश्रयाने त्यांनी १९०८ साली व्होकेशन ब्युरो सुरू केला. त्याच वर्षी ते वारले, आणि 'चूझिंग अ व्होकेशन' हे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्या पश्चात निघाले. त्यांचे सूत्र तीन कलमांचे होते : स्वतःची नीट ओळख, कामांच्या जगाची नीट ओळख, आणि या दोहोंचा मेळ घालणारा विचार. प्रमाणित चाचण्या त्यांच्या हाताशी जवळजवळ नव्हत्याच. ते लांबलचक प्रश्नावली भरून घेत, तासन्‌तास बोलत, आणि समोरच्याच्या डोक्याची ठेवणही न्याहाळत. काळाच्या समजुतींतून तेही सुटले नव्हते. डोक्याची ठेवण मागे पडली, तीन कलमे टिकली. पुढच्या शंभर वर्षांत या क्षेत्राने पहिल्या कलमावर अफाट मेहनत घेतली, दुसऱ्यावर पुष्कळच कमी, आणि तिसरे बहुधा समुपदेशकाच्या अनुभवावर सोपवले. कोणतीही नवी चाचणी, ॲप किंवा अहवाल हाती आला की तो या तिहींपैकी कोणत्या कलमाची सोय करतो, हे आधी पाहावे. निम्म्या शंका तिथेच फिटतात.

पहिल्या कलमाची कहाणी भराभर सांगता येईल. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त श्रेणी तयार केली. १९१७ पासून अमेरिकी लष्कराने सुमारे १७ लाख जवानांना सामूहिक चाचण्या दिल्या आणि एका खोलीत बसवून शेकडो जणांचे मापन करता येते हे सिद्ध झाले. १९२७ मध्ये स्ट्राँग यांनी अभिरुचीची प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९४७ मध्ये एकाच बुद्ध्यंकाऐवजी निरनिराळ्या क्षमता वेगवेगळ्या मोजणारी भेदक अभिक्षमता चाचणी आली, तीच समुपदेशकांच्या बोलण्यातली 'डीएटी'.

आपल्याकडे ही विद्या अगदी अलीकडे, करिअर मेळाव्यांबरोबर आली असा अनेकांचा समज असतो. तो दूर करताना थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे. कलकत्ता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात या कामाचा पाया १९३८ च्या सुमारास घातला गेला. मुंबईत बाटलीबॉय यांच्या नावाचे मार्गदर्शन केंद्र १९४१ मध्ये, तर पारसी पंचायतीचे १९४७ मध्ये सुरू झाले. मुंबई सरकारने १९५० मध्ये स्वतःचे केंद्र काढले. पुढे तेच व्यवसाय मार्गदर्शन संस्था म्हणून नावारूपाला आले. म्हणजे माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी अशी शिफारस मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये केली, त्याआधीच मुंबईत हे काम चालू होते. त्याहून जुने काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. बिनेच्या श्रेणीची स्टॅनफर्ड आवृत्ती त्यांनी धारवाडकडच्या मुलांसाठी मराठीत आणि कानडीत बसवली आणि १९४० मध्ये ते संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्रश्न नुसते भाषांतरित करून भागत नाही, मूल ज्या घरात वाढते तिथल्या वस्तू आणि व्यवहार प्रश्नांत यावे लागतात, ही जाण त्या कामामागे आहे. १९६२ मध्ये डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापली. तिथल्या अभ्यासकांनी गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर मराठी चाचण्या घडवल्या. आणि पार्सन्स यांच्या दुर्लक्षित दुसऱ्या कलमाला आपल्याकडे न्याय मिळाला तो ठाण्यातून. डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'वेध' परिषदांत निरनिराळ्या क्षेत्रांत मनापासून काम करणारी माणसे मंचावर येऊन मुलांशी आपल्या कामाविषयी बोलू लागली.

आता प्रत्यक्ष चाचणीजवळ जाऊ. भेदक अभिक्षमता चाचणीत शाब्दिक तर्क, अंकक्षमता, अमूर्त तर्क, यांत्रिक तर्क, अवकाशीय संबंध, कारकुनी वेग व अचूकता आणि भाषेचे दोन भाग असे आठ घटक येतात. त्यांतला अवकाशीय संबंधाचा भाग पाहा. कागदावर एक सपाट आकृती असते, मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका उलगडून ठेवावा तशी. काही बाजू काळ्या केलेल्या, काहींवर ठिपके. शेजारी घड्या घालून तयार झालेले चार-पाच ठोकळे. यांतला कोणता या आकृतीतून बनेल? वर्गात ही चाचणी चालू असताना मुलांकडे बघण्यासारखे असते. कोणी पुस्तिकाच गोल फिरवतो, कोणी हवेत बोटांनी घड्या घालतो, आणि एखादी मुलगी नुसती नजर टाकून खुणा करत पुढे जाते. ही क्षमता सुताराला लागते, कापड बेतणाऱ्या शिंप्याला लागते, ड्रॉइंग वाचणाऱ्या फिटरला, वास्तुरचनाकाराला, दंतवैद्याला लागते. दहावीच्या गुणपत्रिकेत तिच्यासाठी रकाना नाही. भूमितीत बऱ्यापैकी गुण मिळवणाऱ्याकडे ती असेलच असे नाही, कारण भूमितीचे प्रमेय पाठही करता येते. ज्या मुलाच्या पदरी शाळेने आजवर फक्त 'सर्वसाधारण' हा शेरा घातला, त्याचे एखादे बलस्थान अशा रकान्यात पहिल्यांदा कागदावर उमटते. मला या शास्त्राचे सर्वांत मोठे मोल इथे वाटते. कारकुनी वेगाचा भाग याच्या अगदी उलट : अक्षरांच्या आणि अंकांच्या जोड्या, त्यांतली अधोरेखित जोडी उत्तरपत्रिकेत शोधायची, आणि वेळ एका भागाला तीन मिनिटे. इथे विचार करायला सवडच नसते. नजर आणि हात किती नेटाने चालतात एवढेच बघायचे असते.

अभिरुची मोजण्याची रीत वेगळी. तिथे बरोबर-चूक नसते. कूडर यांच्या पद्धतीच्या प्रश्नावलीत तीन-तीन कामे एकत्र दिलेली असतात, समजा : बिघडलेले कुलूप उघडून बघणे, शेजारच्या लहान मुलाचा अभ्यास घेणे, भिशीचा हिशेब लिहून ठेवणे. यांतले सर्वांत आवडते कोणते आणि सर्वांत नावडते कोणते, एवढीच खूण करायची. तिन्ही आवडत असली तरी एकाला मागे सारावे लागते, आणि एकही आवडत नसले तरी एकाला पुढे आणावे लागते. अहवाल वाचताना हे विसरून चालत नाही. अशा प्रश्नावलीतला उंच गुण 'इतर मुलांपेक्षा याला हे जास्त आवडते' असे सांगत नाही. 'याच्या स्वतःच्या आवडींत हे वरचे' एवढेच सांगतो. जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडलेली विभागणी आज सर्वाधिक वापरात आहे. वास्तववादी, संशोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पारंपरिक असे सहा प्रकार ते षटकोनाच्या कोपऱ्यांवर ठेवतात. शेजारचे कोपरे एकमेकांच्या जवळचे, समोरासमोरचे दूरचे. एखाद्या मुलात समोरासमोरचे दोन कोपरे सारखेच प्रबळ निघाले, तर त्याच्या मनाची ओढाताण होणार हे समजून बोलावे लागते.

गुणांचे वाचन ही नवख्याची खरी कसोटी. सीईटीमुळे पर्सेंटाइल (शततमक) हा शब्द घरोघरी पोचला आहे, ही एका परीने सोयच झाली. अंकक्षमतेत शततमक ७० म्हणजे ७० टक्के गुण नव्हेत. ज्या गटाशी तुलना केली त्यातली सुमारे ७० टक्के मुले या मुलाच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण तो गट कोणता? मुंबईच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर बसवलेली मानके गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलीला लावली, तर तिच्या भाषेच्या रकान्यातला आकडा तिच्याविषयी कमी आणि तिला मिळालेल्या संधीविषयी जास्त बोलतो. दुसरे असे, की बहुतेक मुले मध्यावर दाटीने असतात, त्यामुळे तिथे एक-दोन प्रश्न इकडचे तिकडे झाले तरी शततमक चांगलेच सरकते. ५५ आणि ६२ यांत फरक आहे असे ठामपणे सांगणारा अहवाल प्रमाणदोषाकडे, म्हणजे प्रत्येक मोजणीत राहणाऱ्या चुकीच्या अंदाजाकडे, डोळेझाक करतो. आणि स्कॉलरशिपच्या सरावसंचांतून तयार झालेले मूल आकृत्यांच्या प्रश्नांत थोडे पुढे असणारच. यांतल्या कशानेही चाचणी निरुपयोगी ठरत नाही; आकड्याभोवतीची माहिती विचारल्याशिवाय आकडा वाचू नये, इतकेच.

अहवाल हाती आला की सगळ्यांची नजर सर्वांत उंच स्तंभाकडे जाते. अभिक्षमता यांत्रिक, अभिरुचीही यांत्रिक, मग मेकॅनिकल घ्या, विषय संपला. असे सुरेख जुळलेले अहवाल येतात, पण त्यांतले बरेचसे घरात आधीच ठाऊक असते. माझे मत असे, की जिथे रकाने जुळत नाहीत तिथून वाचायला सुरुवात करावी. शाब्दिक तर्क उत्तम आणि भाषावापरात गुण कमी, असे दिसले तर मूल विचार नीट करते, पण शाळेच्या माध्यमाची भाषा त्याच्या अंगवळणी पडलेली नाही, असे असू शकते. अंकक्षमता चांगली आणि शाळेतले गणित कच्चे असेल, तर वर्गात कधी भीती बसली का, मध्येच शाळा बदलली का, हे विचारावे. अमूर्त तर्क वरच्या पट्टीत आणि वाचन-लेखनावर उभे असलेले सगळे विषय खाली असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती आहेत, पण त्या मागण्याआधी अडचण ओळखली जावी लागते. अभिरुची आरोग्यक्षेत्राची आणि त्याला लागणाऱ्या क्षमता बेताच्या असतील, तर डॉक्टर होण्याची इच्छा मुलीची आहे की आईवडिलांची, हे हळुवारपणे पाहावे. ती तिचीच असेल तर नर्सिंग, फिजिओथेरपी, दृष्टितपासणी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान ही दारे तिला दाखवावीत. चाचणी इथे उत्तर देत नाही. कोणता प्रश्न विचारायचा ते सांगते. पालक म्हणतात, 'सर, ह्याला काय झेपेल तेवढं सांगा.' चांगला समुपदेशक मुलाकडे वळून विचारतो, 'मे महिन्याच्या सुट्टीत काय केलंस?' 'मामाच्या गॅरेजवर जायचो,' असे दबक्या आवाजात उत्तर येते, वडील भुवया उंचावतात, आणि कामाला खरी सुरुवात होते.

न जुळणाऱ्या रकान्यांचे एक कारण असे आहे की ते चाचणीत नसून समाजात आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू. जे कधी हाताळलेच नाही त्याची आवड निर्माण कुठून होणार? स्ट्राँग यांच्या प्रश्नावलीचे पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळे नमुने होते. ते एकत्र व्हायला १९७४ उजाडले. आपल्याकडे असे दोन नमुने छापावे लागले नाहीत, कारण घरानेच ते पाडून ठेवले होते. भावाने सायकलचे पंक्चर काढले, बहिणीने पोळ्या लाटल्या, आणि नववीत दोघांसमोर तीच प्रश्नावली आली. यांत्रिक अभिरुचीत तिचा गुण कमी आला तर तो तिचा कल म्हणून नोंदवणे घाईचे होईल. यावर उत्तर प्रश्नावलीबाहेर आहे, आणि ते महाराष्ट्रातच तयार झाले आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले-मुली जोडकाम, वीजकाम, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य ही कामे शाळेच्या वेळापत्रकातच करतात. वेल्डिंगचा चष्मा लावून दोन पट्ट्या जोडलेली मुलगी अभिरुचीच्या प्रश्नाला जे उत्तर देते, ते अनुभवातून आलेले असते.

राज्य मंडळाच्या 'कल चाचणी'चा विचार याच अंगाने करावा. २०१६ मध्ये दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी ती सुरू झाली. श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने झालेला हा प्रयोग लाखो मुलांपर्यंत, तेही बोर्डाच्या सर्व माध्यमांच्या शाळांत पोचला. अहवालात कृषी, वाणिज्य, तांत्रिक, आरोग्य विज्ञान, ललित कला अशा क्षेत्रांच्या पंक्तीत 'गणवेशधारी सेवा'ही होत्या. पोलीस आणि लष्कराच्या भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांचा महाराष्ट्र ओळखूनच हा रकाना आखला गेला असावा. टीकाही झाली. आवड मोजली, क्षमतेचे काय, असे विचारले गेले. पण मला त्याहून मोठी उणीव ही वाटते, की अहवालानंतर मुलाशी बोलायला माणूस बहुतेक शाळांत नव्हता. संगणकातून निघालेला कागद घरी गेला आणि बहुधा गुणपत्रिकेशेजारी फाइलला लागला. एवढा मोठा व्याप उभारता येतो हे मात्र त्यातून कळले, आणि ते थोडे नाही.

या क्षेत्रात करण्यासारखे काम भरपूर शिल्लक आहे, आणि वाचकांपैकी काहींनी ते हाती घ्यावे अशी मनापासून इच्छा आहे. मराठी माध्यमाच्या, ग्रामीण आणि आदिवासी भागांतल्या मुलांवर नव्याने बसवलेली मानके हवीत. आपल्या तालुक्यातल्या व्यवसायांची साध्या मराठीत माहिती हवी : काम कुठे, दिवस कसा जातो, शिकायला किती वर्षे, हाती काय पडते. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. जवळच्या आयटीआयमध्ये कोणकोणते ट्रेड चालतात याची पाटी शाळेच्या फळ्याशेजारी लावायला एक दुपार पुरते.

तुम्ही शिक्षक असाल तर नववीच्या वर्षीच सुरुवात करा. दहावीच्या निकालानंतर घेतलेली चाचणी घाबरलेल्या घराला फारशी ऐकू येत नाही. आधी एखादी चाचणी स्वतः सोडवून पाहा आणि स्वतःचे न जुळणारे रकाने शोधा. तुम्ही पालक असाल आणि मुलाला एखाद्या केंद्रात नेणार असाल, तर फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा : ही चाचणी कोणत्या मुलांवर आणि केव्हा प्रमाणित केली, ती मुलाच्या भाषेत आहे का, अहवाल समजावणारी व्यक्ती मानसशास्त्र शिकलेली आहे का, आणि मुलाशी स्वतंत्र बोलायला ती किती वेळ देणार. बोटांचे ठसे पाहून करिअर सांगणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारून पाहा, दुसरा विचारायची वेळ येणार नाही. बाकीच्यांकडून चारही उत्तरे नीट मिळाली तर निर्धास्त जा, आणि अहवाल घ्यायला जाताना मुलाने स्वतः केलेले काहीतरी, चित्रांची वही, दुरुस्त केलेला रेडिओ, गणपतीच्या मखराचा फोटो, बरोबर न्या.